एका घरावर तीन व्हिसा

बर दुबई, २७ जून

नबिला बेटी,

सलाम. तू म्हणालीस, "अब्बा, फोन करू नका. फोनवर तुम्ही रडता आणि मग मी हो म्हणते." म्हणून लिहायला बसलो. सातवीनंतर मी एवढं लांब कधी लिहिलेलं नाही. तुला शाळेत हिंदी होतं, त्यामुळे अक्षर लागेल. तुझी अम्मी या कागदाचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणार आहे. पाठवण्याआधी ती वाचणार आहे, असं तिने आत्ताच स्वयंपाकघरातून बजावलंय.

तब्येत कशी आहे? नैरोबीत थंडी आहे म्हणे. स्वेटर घाल. उतरायच्या पट्टीवर झेब्रे उभे असतात, आधी खालून एक फेरी मारून त्यांना हाकलावं लागतं, हे तू हसत सांगितलंस, त्या दिवसापासून मी दर नमाजानंतर तुझ्या विमानासाठी वेगळी दुआ मागतो. निघण्याआधी विमानाचे टायर बघतेस ना? स्वतः बघ. दुसरा कुणी बघितले म्हणाला तरी बघ.

आता मुद्द्याचं. तू रागावली आहेस कारण मी ईदच्या दिवशी याह्याच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, जबान दिली. म्हणजे काय झालं ते नीट सांगतो. दरवर्षीप्रमाणे अम्मीने सांदणं केली होती, ती घेऊन मी मुबारकबाद द्यायला गेलो. याह्याच्या बापाची, म्हणजे आपल्या मालकाची, मोठ्या अरबाबची गाडी मी आयुष्यभर चालवली. याह्याला शाळेत सोडायचो तो मीच. तो मला अजून चाचा म्हणतो. त्याने विचारलं, "चाचा, बेटी अभी कहाँ उड़ाती है?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हमने दूसरा जहाज लिया है. उसको भी पायलट चाहिए." मी म्हणालो, "मेरी जबान है, वो आएगी." तो म्हणाला, "खलास, चाचा. आपकी बेटी, हमारी बेटी."

यात मी काय चुकीचं केलं? आमच्या वेळी कामं अशीच लागायची. राजापूरकडचा दत्ताराम आज त्या घरचा ड्रायव्हर आहे. त्याला कोणी आणलं? मी. माझा पासपोर्ट अरबाबपुढे ठेवला आणि म्हणालो, हा माणूस पळाला तर माझा पासपोर्ट तुमच्याकडे. गावची किती पोरं अशी आली. कुणाचीही परीक्षा झाली नाही आणि कुणीही पळालं नाही.

तुला एअरलाइनचंही पत्र आलंय, सप्टेंबरच्या बॅचसाठी, हे मला माहीत आहे. मोठी विमानं, मोठं नाव. पण तिसऱ्या मजल्यावरच्या अजीजचा मुलगाही अशाच एका मोठ्या नावात होता. कोरोनात त्याला घरी बसवलं. कुणी बसवलं, तेसुद्धा त्याला कळलं नाही. एक ईमेल आला. घरच्या विमानाचं तसं नसतं. तिथे मालकाला तुझं नाव माहीत असतं, तुझ्या बापाचं माहीत असतं. आजारी पडलीस तर विचारतील.

महिनाअखेर याह्याला कळवायचं आहे. हो म्हण.

तुझा अब्बा

बर दुबई, ५ जुलै

नबिला,

तुझं उत्तर अम्मीने वाचून दाखवलं. दोन ओळी. "अब्बा, यू कॅन्ट गिव्ह माय वर्ड. इट्स माइन." आणि दुसरी, "वन हाऊस, थ्री व्हिसाज. नो."

मी अम्मीला म्हणालो, दुसरीचा अर्थ सांग. ती म्हणाली, "अर्थ काय सांगायचा? तुमचा व्हिसा त्यांच्या घराचा, माझा तुमच्यामुळे त्यांच्याच घराचा, आता पोरीचाही तिथेच लावताय. उद्या त्या घराचं एक दार बंद झालं की आपण तिघं एकाच बॅगेत."

मी म्हणालो, असं काही होत नसतं. ती म्हणाली, "मग घाबरता कशाला?" मी घाबरत नाही. तिला सवय आहे.

एक लक्षात ठेव. मोठा अरबाब गेला, मी गाडी सोडली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी त्यांनी मला जा म्हटलं नाही. व्हिसा चालू ठेवला, हा फ्लॅटही त्यांच्याच बिल्डिंगमधला. मला बर दुबईतच राहायचंय. सकाळी खाडीवर जाऊन अब्रा होड्या येता-जाताना बघायच्या, परत येताना मीना बाजारातल्या ओळखीच्या दुकानात बसायचं. गावी आता मला कोण ओळखतं? पण व्हिसाचा आणि तुझ्या नोकरीचा काही संबंध नाही. मी व्हिसासाठी जबान दिली असं तुला वाटत असेल तर तसं नाही. अम्मीने हे वाक्य वाचून नुसतं "हं" केलं.

महिना उलटला. मी याह्याला कळवलं की मुलगी विचार करते आहे. तो म्हणाला, "आराम से, चाचा." त्याच्या आराम से मध्ये मला आराम वाटत नाही.

दत्ताराम ८ तारखेला याह्याच्या घरच्यांचं सामान घेऊन प्रायव्हेट विमानांच्या टर्मिनलवर जाणार आहे, जबल अलीच्या पुढे. म्हणाला, "लियाकतभाय, चला, लेकीचं विमान तरी बघा." जातो. बघून तुला लिहितो, म्हणजे तुझी खात्री पटेल.

जेवतेस का? उत्तरात त्याचं काहीच नव्हतं.

अब्बा

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, ८ जुलै

नबिला बेटी,

हे पत्र घरी लिहिलेलं नाही. इथल्या एका कॅफेटेरियात बसून लिहितोय, कडक चहा समोर आहे आणि शेजारी फॅक्टरीतली पोरं पराठे खातायत. याचा फोटो दत्ताराम त्याच्या फोनवरून पाठवेल. अम्मीला सांगू नकोस.

सकाळी आम्ही टर्मिनलवर गेलो. टर्मिनल कसलं, हॉटेलच. बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसलो. जाळीपलीकडे विमान उभं होतं. छान आहे. पांढरं, नाजूक, बगळ्यासारखं. निघायची वेळ दहाची होती. कॅप्टन जिन्यापाशी उभा होता, लेबनानी माणूस, केस पिकलेले, खांद्यावर चार पट्ट्या. घरची मॅडम आणि मुलं मागून दुसऱ्या गाडीतून यायची होती.

आली नाहीत. कॅप्टन फोन कानाला लावायचा, घड्याळ बघायचा, परत उभा. उन्हात डांबर हलत होतं. मी दत्तारामला म्हणालो, हा आत जाऊन का बसत नाही? तो म्हणाला, "बसला आणि ती आली तर? तुम्ही बसायचात का?"

मी बसायचो नाही, नबिला.

दुपारी गाडी आली. मुलांच्या बॅगा, सायकली, एक मांजर पिंजऱ्यात. हमाल एकच होता, तेव्हा कॅप्टनने टोपी काढून स्वतः सायकल उचलली. मॅडम चांगली बाई आहे, सॉरीही म्हणाली. पण तो वाकला तेव्हा मागून मला वाटलं, ही माझीच पाठ आहे. फक्त शर्टाला इस्त्री जास्त.

त्याला तीन मुली आहेत म्हणे. दत्ताराम आणि तो आता दोस्त झालेत, दोघेही सारखेच थांबतात ना. मागे कॅप्टन दुसऱ्या एका शेखकडे होता. शेखने विमान विकलं, त्या दिवशी याची नोकरीही गेली. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो, विमान म्हणजे घर. विमान ही गाडीच आहे. गाडी लोक बदलतात.

तेव्हा मी माझं म्हणणं फिरवतो. तू एअरलाइन घे. तिथे महिन्याचं रोस्टर आधी मिळतं, सुट्टी कळते, कुणाची मांजर उचलावी लागत नाही. पायरी पायरीने कॅप्टन होशील. ईमेल यायचा तर येऊ दे, तेव्हा बघू.

आता जे अम्मीला कळू नये ते. आमचे व्हिसा सप्टेंबरमध्ये संपतात. दर वेळी तिथूनच नवे होतात, कुणी काही बोलत नाही. पण मी त्या घरात आजवर दिलेला शब्द मागे घेतलेला नाही. आता घेतला तर पुढे काय, हे लिहिताना दोनदा खोडलंय, बघतेच आहेस. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की व्हिसाचा संबंध नाही. थोडा आहे.

दत्ताराम म्हणतोय, "लवकर संपवा, मॅडमचं विमान गेलं, आता साहेबांचा फोन येईल." संपवतो.

अब्बा

बर दुबई, १६ जुलै

नबिला,

तुझं उत्तर आलं. या वेळी दोन ओळी नाहीत, पानभर. आणि तू माझं पत्र अम्मीला पाठवलंस. ती मोबाइल माझ्यासमोर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कडक चहा घेतलात? मला म्हणालात, टर्मिनलवरून थेट दाढदुखीच्या डॉक्टरकडे गेलो होतो." व्हिसावरून ती चिडली नाही. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. फक्त म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही एकटे घाबरत होतात होय? मीही घाबरत होते. दोघांनी मिळून घाबरलो असतो."

तुझं पत्र तिने मला हळूहळू सांगितलं. मला जे समजलं ते लिहितो, चुकलं तर दुरुस्त कर.

तू म्हणतेस, तुला प्रायव्हेट विमानाचंच काम आवडतं. लहान विमान, रोज नवी जागा, पट्टी स्वतः शोधून उतरायचं. एअरलाइनमध्ये तेच चार-पाच रस्ते, आणि उडवायचं काम बरंचसं विमान स्वतःच करतं. सायकल उचलायला तुला काही वाटत नाही, नैरोबीत तू बकरीसुद्धा उचलली आहेस. पण ते काम तुला अब्बाच्या हातून नको. त्या घरात तू पायलट म्हणून गेलीस तरी ड्रायव्हरची मुलगी म्हणूनच जाशील, आणि मग कधी नाही म्हणता येणार नाही. "दे विल बी नाइस टू मी, अब्बा. दॅट्स द प्रॉब्लेम." हे अम्मीने दोनदा वाचलं.

आणि मग तू लिहिलंस की एअरलाइनला हो म्हणायचं तू ठरवलं होतंस ते आमच्यासाठी. पक्की नोकरी असली की अब्बा-अम्मीचे व्हिसा माझ्या नावावर घेईन, त्या घरातून सोडवीन.

हे ऐकून मी जेवलो नाही. तुला वाटेल राग आला. राग नाही. मी तुझ्यासाठी एक घर बघत होतो, तू माझ्यासाठी दुसरं बघत होतीस, आणि विमान उडवायचं कुणी हे मधल्या मधे राहिलं.

अम्मी म्हणाली, "आता बसून काय बघताय? दिलेली जबान जाऊन परत आणा. पोरीला कोऱ्या मनाने ठरवू द्या." मी म्हणालो, जबान परत आणतात का, ते काय भाड्याने दिलेलं भांडं आहे? ती म्हणाली, "दिलीत तेव्हा तिला विचारलंत? मग आणताना कुणाला विचारताय?"

गुरुवारी जातो. सांदणं नेऊ का नको ते कळत नाही. नेली तर लाच वाटेल, नाही नेली तर भांडायला आलोय असं वाटेल.

अब्बा

बर दुबई, १९ जुलै

नबिला बेटी,

सांदणं नेली.

मजलिसमध्ये पाच-सहा माणसं होती. मी कोपऱ्यात बसलो. गहवा, त्यांची कॉफी आली, खजूर आले, मी खजूर हातातच धरून बसलो. याह्या सगळ्यांना सोडून शेवटी माझ्याकडे आला. मी उभा राहिलो. तो म्हणाला, "बैठो चाचा, बैठो." मी बसलो नाही. मनात जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "बेटा, मैंने बेटी की जबान दी थी. वो जबान मेरी नहीं थी. मैं वापस लेने आया हूँ."

त्याने हातातला फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "कौन सी जबान, चाचा?"

मी म्हणालो, ईदची. जहाजाची. तेव्हा त्याला आठवलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मला हाताला धरून बसवलं आणि समजावलं. जहाज त्यांचं आहे, पण चालवते एक कंपनी. ती बऱ्याच मालकांची विमानं सांभाळते. पायलट कंपनी ठेवते. तिथे मुलाखत असते, सिम्युलेटरची परीक्षा असते, विम्याची माणसं विमान उडवलेले तास मोजतात. "मैं बोलूँ तो भी कोई नहीं रखता, चाचा. मेरे मामू के लड़के को फेल कर दिया."

म्हणजे माझी जबान तिथे कुणाला मिळालीच नव्हती. ती ईदपासून मजलिसमध्ये पडून होती आणि मी तिच्यासाठी झुरत होतो.

खरं सांगतो, हलकं वाटायच्या आधी थोडं लागलं. एके काळी त्या शब्दावर माणसं समुद्र ओलांडून आली. आता मामाच्या मुलालासुद्धा परीक्षा. पण मग विचार केला, दत्ताराम माझ्या शब्दावर आला आणि आजही माझ्यासमोर सिगारेट लपवतो. परीक्षा देऊन आला असता तर लपवली नसती.

व्हिसाचंही मी विचारलं. एकदा तोंड उघडलंच होतं. याह्याला तारीखच माहीत नव्हती. व्हिसाची कामं करणारा त्यांचा मंदूब आहे, त्याला हाक मारली. तो म्हणाला, अर्ज कधीच टाकलाय. याह्या म्हणाला, "चाचा, वाळूत गाडी कशी काढायची ते मला तुम्ही शिकवलं. तुम्हाला कोण घालवणार?" मी रडलो. तू नव्हतीस म्हणून कुणी हो म्हणालं नाही.

निघताना तो म्हणाला, बेटीला आमच्या घरचं विमान नको असेल तर नको, पण त्या कंपनीकडे तिने तिच्या नावाने बघावं, आमचं नाव घेऊ नये. नाव घेतलं तर उलट अडचण होईल.

झालं. आता तू मोकळी आहेस. एअरलाइन की प्रायव्हेट, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त एअरलाइनमध्ये रोस्टर असतं, एवढंच लक्षात ठेव.

अम्मी म्हणते, ही शेवटची ओळ खोड. खोडत नाही, पण ती म्हणते ते बरोबर आहे.

अब्बा

बर दुबई, १७ ऑक्टोबर

नबिला,

तू आता याच शहरात आहेस आणि मी तरी लिहितोय, म्हणून अम्मी हसते आहे. सवय लागली. शिवाय फोनवर मी अजून रडतो.

गेल्या महिन्यात एअरलाइनची तारीख जाऊ दिलीस तेव्हा मी काही बोललो नव्हतो. तीन दिवस मशिदीतून उशिरा घरी यायचो, एवढंच. मग कंपनीची परीक्षा झाली. तू पास झालीस आणि मुलाखतीत तुला कुणी बापाचं नाव विचारलं नाही. ते ऐकून मला बरं वाटलं, हे मलाही नवीन होतं. याह्याचं नाही, दुसऱ्याच कुणाचं विमान मिळालं, तेही चांगलं झालं. तुझा व्हिसा कंपनीचा. पुढच्या वेळी आमचेही तुझ्याकडे घ्यायचे म्हणतेस, तेव्हा बघू. अम्मी तर आत्ताच शेजाऱ्यांना सांगून मोकळी झाली.

आज तुझा पहिला फेरा. सकाळी तुझा मेसेज आला, "ओनर लेट. मे बी फोर अवर्स. अब्बा, हाऊ डिड यू डू धिस?"

अम्मीने वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "घ्या. हा प्रश्न तुमचा आहे."

मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. टाइप करायला बसलो तर संध्याकाळ होईल, म्हणून कागदावर लिहितो, अम्मी लगेच पाठवते.

ते यायच्या आधी खाऊन घे. आल्यावर पाणीसुद्धा मिळत नाही. सावली कुठे सरकते ते बघ आणि तिच्याबरोबर सरक. बूट काढू नकोस, पाय सुजतात आणि मग ते आत जात नाहीत. पाच-पाच मिनिटांनी घड्याळ बघू नकोस. मी बघायचो, त्याने ते लवकर आले नाहीत. सोबत जो थांबलाय त्याच्याशी बोल. दत्ताराम सांगत होता, आज तोही तिकडेच आहे, पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या गाडीत चहाचा थर्मास असतो. माझं नाव सांगू नकोस, तो तुला ओळखतो.

आणि त्यांच्यावर चिडू नकोस. चिडलेल्या माणसाचा हात जड होतो. तुला पुढे उडवायचं आहे.

आता शेवटचं. ते येतील, घाई करतील, फोनवर बोलत बोलत चढतील, म्हणतील, यल्ला, चला. तेव्हा लगेच निघू नकोस. तू सांगितलंस ना, निघण्याआधी पायलट विमानाभोवती एक फेरी मारतो, टायर बघतो, सगळं हात लावून बघतो. ती आधी मारलेली असली तरी इतका वेळ उभं राहिलेलं विमान आहे, परत मार. सावकाश मार. मीही मारायचो, गाडीभोवती. मोठा अरबाब आत बसून काच खाली करायचा आणि विचारायचा, "लियाकत, क्या देखता है?" मी म्हणायचो, टायर, अरबाब. मग तो काच वर करायचा.

तेवढा वेळ तो माझ्यासाठी थांबायचा.

जा. टायर बघ.

अब्बा